पास वाया गेला नाही

विबेके,

आई मरायला टेकली म्हणून तुला कोपनहेगनला बोलावलं होतं, टिवोलीच्या करमणूक बागेतल्या आकाशपाळण्यात बसायला नव्हे! फोन केला तर म्हणालीस, "ताई, पर्यटनाचा पास चालू झालाय गं, वाया जाईल. होडीची फेरी झाली की आलेच."

आई दाराकडे बघत गेली. जीव बाहेर जावा म्हणून मी आपल्या रिवाजाप्रमाणे खिडकी उघडली, तर खाली कालव्यात तुझीच होडी. मला बघून तू हसत हात हलवलास.

आता तिची राख दफनभूमीतल्या बिननावाच्या हिरवळीखाली, परक्यांच्या राखेशेजारी पुरणार आहे. फूल कुठे ठेवायचं, ते शोधत फीर जन्मभर. तिथे आत फुकट सोडतात, पास लागत नाही. तिच्या नावाचा दगड हवा असेल, तर माझ्या दारात येऊन माग. शुक्रवारपर्यंत उत्तर दे.

बोडिल