टीव्हीवर माझं भूत

रविवार, ९ फेब्रुवारी

मी मेलेय! आज दुपारी टीव्हीवर पाहिलं.

जेवताना जिज्ञासाने तिचा तो आवडता कार्यक्रम लावला. लोक येतात, आपल्याला भूत कसं दिसलं ते सांगतात, मग नट-नट्या ते करून दाखवतात. मी पानात वाढत होते. तेवढ्यात आवाज ऐकला. वर बघितलं तर राजाबाई! माझी सासू! केस पार पिकलेत, गाल आत गेलेत, पण आवाज तोच, भांडं घासल्यासारखा.

"माजी सून व्हती, वेणू. नदीत गेली. पन येते. दुपारची येते, ओटीवर बसते. मी च्या ठेवते तिला."

मग कुणी गोरीपान मुलगी पांढरी साडी नेसून, केस सोडून ओटीवर बसली. ती म्हणे मी. मी जन्मात कधी पांढरी साडी नेसले नाही.

जिज्ञासा खदाखदा हसली. "आई, बघ ना यार! म्हातारी कसली ॲक्टिंग करतेय!"

तिला काय माहीत, ती तिची सख्खी आजी आहे. वेणू हे माझं नाव, हेही तिला माहीत नाही. इथे शहरात, कॅम्प चारमध्ये, मी किर्ती. तिचा बाप ती व्हायच्या आधीच वारला, एवढंच तिला सांगितलंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

झोप नाही. डोळे मिटले की ती पांढऱ्या साडीवाली समोर येते.

अनंता माझा नवरा. बदलापूरच्या पुढे नदीकाठी त्याचं घर. त्याच्या लाथेने पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी फक्त राजाबाईंना सांगितलं. पावसाचे दिवस होते, नदी फुगलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला दुधाच्या टेम्पोत बसवलं. म्हणाल्या, "परत फिरकू नकोस. चिठ्ठी नाय, निरोप नाय. मेलीस असं समज." माझ्या चपला आणि लुगडं त्यांनीच नदीवर नेऊन ठेवलं. पोटच्या पोराशी, पोलिसांशी, सगळ्या गावाशी ती बाई खोटं बोलली.

आणि आता टीव्हीवर?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मोबाईलवर तोच भाग परत लावून बघितला. निवेदिका विचारते, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भ्यायचं कशाला? मीच तिला सांगते, आता अनंता नाय. खपला. आता पुढच्या दारानं ये."

अनंता गेला! परवा घाबरून मी हे नीट ऐकलंच नव्हतं. रडू आलं नाही. मोकळंही वाटलं नाही. नुसती चीड आली. रस्त्यात मागून कुणी खाकरलं तरी इतकी वर्षं दचकत आले, आणि हा कधी मेला ते मला कळवायलाही कुणी नव्हतं.

पण हे बोलणं भुताशी नाही. माझ्याशी आहे! मी कुठे आहे ते त्यांना ठाऊक नाही, फोन नाही, पत्ता नाही. मग कसं कळवणार? अशा कार्यक्रमात जाऊन सांगायचं, कुठेतरी मी बघेन म्हणून. हुशार बाई! निरोपच आहे हा.

की नाही?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

जीन्सचे खिसे उलटे शिवले. एक-दोन नाही, अख्खा गठ्ठा. कारखान्याची मालकीण लाजवंतीभाभी म्हणाली, "किर्ती, तेरा ध्यान किधर है? भूत देखा क्या?"

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कारखान्याला सुट्टी. बाजारात जाते सांगून निघाले. अंबरनाथ पूर्वेला रिक्षा बदलली. बदलापूरच्या शिरगावपर्यंत गेले. पूर्वी तिथे गवत होतं, आता नुसते टॉवर. तोंडाला ओढणी बांधलेली, तरी वाटत होतं सगळे बघताहेत. गावाकडच्या रिक्षात बसले आणि रिक्षा सुटायच्या आधी उतरले. परत आले. भाजीही न घेता!

रविवार, १६ फेब्रुवारी

आज जिज्ञासा मैत्रिणीला फोनवर त्या म्हातारीची नक्कल करून दाखवत होती. "च्या ठेवते तिला..." हुबेहूब! तोच घासलेला आवाज, रक्तातला. मी ओरडले, "बस कर!" फोन हातातून काढून घेतला.

ती बघतच राहिली. "तुला काय झालं? कोण लागते ती तुझी?"

भाजी लागतेय म्हणून मी आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

जाऊन आले.

गावाच्या तोंडाशी ओढणी सोडली. घाम आला होता, आणि बांधून तरी किती दिवस बांधायची? भर दुपार, वाटेत चिटपाखरू नव्हतं. घर तेच, वर पत्रे नवे. राजाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या. मी पुढच्या दाराशी उभी. वाटलं, आता त्या किंचाळतील. नाहीतर मिठी मारतील.

त्यांनी मान वर केली. "आलीस गो? बस."

एवढंच! आणि परत तांदूळ निवडायला लागल्या. मी बसले. कोंबडी अंडी देत नाही, गुडघा धरतो, असं सांगत राहिल्या. मग काठी टेकत आत गेल्या, चहा आणून माझ्यासमोर ठेवला. मी कप उचलून प्यायले, तरी त्यांना त्याचं काही नाही. मी म्हटलं, "आई, मी खरी आहे. मी मेले नाही. तुम्हीच मला पाठवलंत ना?"

"हां हां," म्हणाल्या. "तू रोज ह्येच सांगतेस."

निरोप नव्हता तो. त्यांना मी खरंच रोज दिसते. जे खोटं जगाला सांगत राहिल्या, ते शेवटी त्यांनाच खरं झालं. आपणच सुनेला वाचवली, हे त्या बाईला आठवत नाही!

तेवढ्यात शेजारच्या भिमाबाई डबा घेऊन आल्या. दोन्ही वेळचं जेवण त्याच देतात म्हणे. राजाबाई म्हणाल्या, "वेणू आलीय बघ." भिमाबाईंना सवय झालेली. वर न बघताच म्हणाल्या, "आलीय ना, बरं झालं, बसू दे तिला." मग बघितलं. डबा पडला, डाळ ओटीभर झाली. उंबऱ्यावरच मटकन बसल्या. मी त्यांचा हात धरला, तशा आणखीनच ओरडल्या. पाणी पाजलं, सगळं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडावरून हात फिरवून बघितला त्यांनी. मग हमसून हमसून रडल्या. राजाबाई मात्र डाळीकडे बघत म्हणाल्या, "भिमे, नीट धरत जा गो."

शनिवार, २२ फेब्रुवारी

जिज्ञासाला सांगितलं. सगळं. माझं नावसुद्धा.

वाटलं होतं, खोटं बोललीस म्हणून भांडेल. बापाबद्दल विचारेल. तिने उशी कवटाळली. मग एवढंच म्हणाली, "मी हसले तिला."

"तुला माहीत नव्हतं."

"पण हसले ना!"

उशीत तोंड खुपसून पडली. जेवली नाही. मीही नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तिचा एकच हट्ट, मला ने. मी म्हणतेय, थांब. आजी मलाच जिवंत समजत नाही, तुला काय समजणार? नात आहे हे कळायला आधी सून जगली हे कळायला हवं. पोरगी आस लावून जाईल आणि ती बाई तांदूळ निवडत बसेल. मला ते बघवणार नाही.

"न बघवायला काय झालं? तू नको बघूस," म्हणते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. अंबरनाथला देवळाच्या जत्रेने रस्ते तुंबलेले, रिक्षा मुंगीसारखी चालली होती. शेवटी जिज्ञासाचाच हट्ट चालला.

ओटीपाशी ती पुढे, मी मागे. राजाबाईंनी मान वर केली. तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी मला बघून उठल्या नव्हत्या, आज उठल्या. काठी विसरून उठल्या.

"वेणू! पुढच्या दारानं आलीस गो!"

जिज्ञासाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे दोन्ही हात धरले. "हो आई. आले."

बराच वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. परक्या माणसासमोर घेतात तसा पदर डोक्यावर घेतला.

"आनि ह्या बाई कोन?"

"मी," म्हटलं, "हिची आई."