तापीबाईच्या नावाची कचेरी

मी, तापीबाई भ्रतार कै. पुरुषोत्तम पाटील, जात गुजर, वय अदमासे पन्नास, धंदा शेती व जमिनीची दलाली, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, आज स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र सांगत आहे, आणि नंदुरबारचे केशव लक्ष्मण उपासनी मास्तर ते लिहून घेत आहेत. पोटातल्या गाठीने माझे अंग खंगले आहे, पण डोके जागेवर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, की गोड बोलून बसवलेले नाही. गोड बोलणाऱ्याचे नाव पुढे येईलच.

मास्तर म्हणतात, मृत्युपत्रात मिळकत लिहावी, हकीकत लिहू नये. मी त्यांना म्हटले, हकीकत गाळली तर मिळकत कोणाला का दिली ते कोणाला कळणार नाही, आणि जो तो आपल्या सोयीची हकीकत सांगत बसेल. ते ऐकून त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला.

कलम पहिले. माझी मिळकत म्हणजे हे ओट्यासकट घर, नदीकाठचे विहिरीचे एक वावर, गाडी व बैलजोडी, आणि अंगावरची चांदी. यात माझ्या सासरच्या जमिनीची एक काकरीही नाही. सगळे मी स्वतःच्या कष्टाने घेतले आहे. मला मूलबाळ नाही. दिरांचा यावर हक्क नाही, माहेरचाही नाही, आणि तरीही माझा भाचा रतिलाल शहाद्याच्या बाजारात सांगत फिरतो की आत्याचे वावर शेवटी माझ्याकडेच येणार. म्हणून हे लिहिण्याची घाई.

कलम दुसरे. हे कष्ट कसले, ते लिहिणे भाग आहे. मानमोडीच्या साथीत माझा नवरा गेला आणि त्याच आठवड्यात माहेरचा भाऊही गेला. त्या वर्षी गावोगाव वावरे पडून राहिली, कारण औत धरायला माणूस उरला नव्हता. काही घरांत जमीन जास्त आणि हात नाहीत, काही घरांत हात आहेत आणि जमीन नाही. पण जमीन विकायची आहे हे गुजराच्या घरचा पुरुष तोंडाने बोलत नाही. गावात पत जाते. बोलायच्या त्या बायकाच, आणि त्याही नदीवर, धुणे आपटण्याच्या आवाजात.

मी ते ऐकत असे. एका घरातले ऐकून दुसऱ्या घरात योग्य माणसाला सांगत असे. तिथून माझी दलाली सुरू झाली. मला पेढी नव्हती, गादी नव्हती, आणि विधवा बाईला कोणी टाकू दिली असती असेही नाही. मला तिची गरजही पडली नाही. मी घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला घेऊन वावराच्या चारी बांधांवरून चालत असे. मग तिथल्याच विहिरीचे पाणी घेणाऱ्याला प्यायला लावत असे. बोलणी विकणाऱ्याच्या घरी कधी नाही, घेणाऱ्याच्या घरी कधी नाही, नेहमी तिसऱ्याच्या ओट्यावर. एका वेळी एकच गिऱ्हाईक. आणि सौदा पक्का करण्याआधी मी विकणाऱ्याच्या बायकोला एकटीला विचारत असे, तुझी मर्जी आहे का? ती गप्प राहिली तर मी दोन्ही घरांना सांगे, या वर्षी नको. अशाने माझे सौदे हातचे गेले, पण ब्राह्मणपुरीपासून प्रकाश्यापर्यंत बायकांनी मला सांगितलेली गोष्ट माझ्यापाशी राहते, एवढे नाव झाले. माझा सगळा धंदा त्या नावावर चालला.

कलम तिसरे. भाऊ गेल्यावर भावजय जसोदाबाई आणि तिचा लहानगा रतिलाल यांना मी इथे आणले. रतिलालला शहाद्याच्या शाळेत घातले. फायनल झाला. मामलेदार कचेरीबाहेर बसून तो दस्त लिहू लागला, तेव्हा माझ्या सौद्यांची खरेदीखतेही तोच लिहू लागला. अक्षर सुरेख, बोलणे लाघवी. मी बांधावर पुढे चालत असे आणि हा मागून छत्री धरून येई. लोक म्हणत, तापीबाई, तुला पोटचा नाही पण नशीब बघ. मलाही तसेच वाटे. हे मी खोटे का लिहू?

कलम चौथे. आता रुक्मिणीबाईचे. ही माझी गावातली मैत्रीण, नवरा नसलेली, पदरी एक मुलगी सरलाबाई. रुक्मिणीबाईचे एक वावर होते, लग्नात बापाने तिच्या नावे घेऊन दिलेले. नवरा गेल्यापासून तिचा दीर छगन ते बटाईने करी. तो दर वर्षी वाटा कमी देई आणि आवाज मोठा करी. तिला ते वावर विकून मुलीला घेऊन कुकरमुंड्याला माहेरी जायचे होते. छगनला सुगावा लागला तर तो वावरातून हलणार नाही, हे तिला ठाऊक होते. म्हणून पीक निघाल्यावर, वावर मोकळे असताना, गुपचूप खरेदीखत व्हावे अशी तिची इच्छा. तिने हे नदीवर फक्त मला सांगितले. मी घेणारा शोधला, आपल्याच गावचा भटू चौधरी. भला माणूस, जरा भित्रा. बांध चालून झाले, पाणी पिऊन झाले. खरेदीखत लिहायला मी रतिलालला सांगितले, कारण लिहिणारा तोच होता.

खरेदीच्या आदल्या दिवशी छगनने वावरात झोपडी घातली. दोन गडी बसवले, औत धरले आणि ओरडून सांगितले की ही जमीन मी कसतो, कोण घेतो ते बघतो. भटू सकाळीच माझ्याकडे आला आणि हात जोडून म्हणाला, "तापीबहेन, भांडणनं वावर माले नको." नंतर दुसरा कोणी पुढे आला नाही. शेवटी रुक्मिणीबाईने ते वावर छगनलाच दिले, तो म्हणेल त्या भावाने.

ती जाण्याआधी माझ्या ओट्यासमोर उभी राहिली. मी बस म्हटले, बसली नाही. म्हणाली, "तापीबहेन, तुन्हाशिवाय कोणले ठाऊक व्हतं?" मला उत्तर देता आले नाही, कारण मलाही तोवर माहीत नव्हते. ती मुलीचा हात धरून गाडीत बसली.

कलम पाचवे. मला कळले ते असे. छगनच्या खरेदीनंतर महिना गेला नसेल, रतिलालने शहाद्यात कचेरीच्या रस्त्याला एक गाळा घेतला. टेबल, खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. छगनचे खरेदीखत रतिलालच्याच अक्षरात झाले होते, आणि गाळ्याचे पैसे छगनने दिले होते. दारावर पाटी लागली: तापीबाई पाटील यांची जमीन खरेदी-विक्रीची कचेरी. खाली बारीक अक्षरात, चालक रतिलाल.

मी गाडी जोडून गेले. तो उठून उभा राहिला, माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा सांगितला. मी उभीच राहिले आणि विचारले, छगनला तू सांगितलेस?

"आत्या, बठ ना. लोके देखी ऱ्हायनात."

मी पुन्हा विचारले.

"सांगं. मंग काय व्हयनं? वावर गावमाच ऱ्हायनं. तुन्हं काम तोंडी शे, आत्या. नदीवर आयकाले, वावरमा चालाले. असं किती दिन चाली? आते लोके कचेरीमा येतीन."

मी म्हटले, मग पाटीवर तुझे नाव लाव. माझे कशाला?

तो हसला. लहानपणी गूळ चोरताना सापडला की हसे, अगदी तसा. म्हणाला, "मन्हा नाववर कोन ईश्वास ठेवी?"

हे शब्द मी मास्तरांकडून जसेच्या तसे लिहवून घेतले आहेत.

तो चहा मी घेतला नाही. परत आले. दुसऱ्या दिवशी नदीवर गेले तर बायका बोलत होत्या. मी धुणे खाली ठेवले आणि बोलणे थांबले. भिकुबाई म्हणून एक आहे, तिच्या तिन्ही मुलींच्या सासरी मी वावरे मिळवून दिली. तिने बादली उचलली आणि वरच्या अंगाला जाऊन बसली. त्या दिवसापासून मला कोणी काही सांगितले नाही. धंदा बंद करावा लागला नाही. तो आपोआप संपला.

मी कुकरमुंड्यालाही गेले. सरलाबाई दारात आली. आतून रुक्मिणीबाईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "सांग, आई घर नही." पोरीने खाली मान घालून तसे सांगितले. मी पाणी मागितले, तिने दिले. तेवढेच.

कलम सहावे. सबब, माझे नदीकाठचे विहिरीचे वावर मी रुक्मिणीबाईची मुलगी सरलाबाई हिला देत आहे. ते तिने कसावे, बटाईने द्यावे की विकावे, हे कोणी विचारू नये. तिने घ्यायचे नाकारले तर मास्तरांनी रागावू नये. एक वर्ष थांबून पुन्हा विचारावे. हे दान नाही आणि माफी मागणेही नाही. तिच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा देऊ शकले नाही, ते कलम पाचव्यात आहे. ते मास्तरांनी त्या दोघींना मोठ्याने वाचून दाखवावे. दार लावून घेतले तर दाराबाहेरून वाचावे.

कलम सातवे. गाडी व बैलजोडी कालीबाईस. ती सातपुड्यातल्या आपल्या गावाहून दर हंगामात माझ्या वावरात कामाला येते आणि बैल तिच्या आवाजाला ओळखतात. अंगावरची चांदी मोडून माझे क्रियाकर्म करावे.

कलम आठवे. रतिलालला माझ्या मिळकतीतले काही नाही. त्याने मला अग्नी देऊ नये. खांदा द्यायला आला तर मात्र अडवू नये. माणसे कमीच येतील.

कलम नववे. माझे नाव ही मिळकत आहे की नाही, हे मी मास्तरांना विचारले. कायद्यात तसे काही सापडत नाही म्हणतात. तरी लिहिते. माझ्यापाशी सगळ्यांत मोठी वस्तू तीच होती, आणि ती माझ्या हयातीतच दुसऱ्याच्या दारावर टांगली गेली. ती मी कोणालाही दिलेली नाही, भाड्यानेही नाही. मी गेल्यावर ती पाटी उतरवावी. न उतरवल्यास, तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने हे जाणावे की त्या खोलीत तापीबाई एकदाही बसलेली नाही.

कलम दहावे. राहते घर भावजय जसोदाबाई हिला तिच्या हयातीपर्यंत,

इथवर लिहून झाले आणि काम थांबले. कारण लिहिते.

दोन साक्षीदार लागतात. भटू चौधरी येतो म्हणाला होता. बैल आजारी असल्याचा निरोप आला. माझ्या धाकट्या दिराने शब्द दिला होता. तो सकाळीच शहाद्याला गेला. आज ना उद्या प्रत्येकाला रतिलालच्या टेबलासमोर बसायचे आहे, मी कोणाला दोष देत नाही. आला तो एकटा रेवजी, प्रकाश्याच्या घाटावर तापीत नाव चालवणारा. मास्तरांना त्यानेच पार उतरवून आणले. त्याला वावर घ्यायचे नाही, विकायचे नाही. मास्तर स्वतः लिहिणारे आणि माझ्यामागे व्यवस्था पाहणारे, त्यामुळे ते साक्षीत बसायला तयार नाहीत.

तेव्हा आत चुलीपाशी बसलेली जसोदाबाई बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. पोटच्या पोराविषयी लिहिलेला एकेक शब्द ऐकला होता. म्हणाली, "मी देस साक्ष."

मास्तरांनी तिला समजावले की ज्याला मिळकत मिळायची त्यानेच साक्ष दिली, तर उद्या रतिलाल कोर्टात बोट ठेवील आणि सगळा कागद डगमगेल. घर घ्यावे किंवा साक्ष द्यावी.

"मंग घर खोडा."

मी तिला म्हटले, वेडी आहेस का, घर मग सरलाबाईला लिहावे लागेल. ती आपल्याला शत्रू समजते. माझ्यामागे तुला बाहेर काढील. रतिलालच्या दारात जाशील का?

"तथा नही जावाव," ती म्हणाली. "काढी ते काढी. मास्तर, आंगठा कोठे लावू ते दखाडा."

म्हणून कलम दहावे असे वाचावे: राहते घर ओट्यासकट सरलाबाई हिला. जसोदाबाईला त्यात राहू द्यावे अशी अट मी घालत नाही. घालता येत नाही, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. बाई सरला, ही माझी विनंती आहे. कुकरमुंड्याच्या दारात तू मला पाणी दिलेस, तेवढ्या ओळखीवर करते.

वरील सर्व मजकूर मास्तरांनी मला वाचून दाखवला. तो माझा आहे. यात कोणी भर घालू नये, कोणी गोड करू नये.

ठिकाण ब्राह्मणपुरी, तारीख १९ डिसेंबर १९३६, मार्गशीर्ष, शके १८५८.

तापीबाई भ्रतार कै. पुरुषोत्तम पाटील, डाव्या हाताचा आंगठा.

साक्षीदार:

रेवजी, नावाडी, राहणार प्रकाशे, आंगठा.

जसोदाबाई, रतिलालची आई, राहणार सध्या याच घरात, आंगठा.

लिहिणार: केशव लक्ष्मण उपासनी, नंदुरबार. दुसऱ्या साक्षीदाराचे वर्णन तिने सांगितले तसेच लिहिले आहे. "रतिलालची आई" हे शब्द गाळू का, असे मी विचारले असता तिने नको म्हणून सांगितले.