आपल्या डाव्या हाताला

ती. स्व. दादांस,

साष्टांग नमस्कार. (कोपरापासूनचा वेगळा, तो पुढे येईल.) तुमचे गुडघे, वहिनींचा खोकला आणि गेले पाच दिवस तुमच्याकडे मुक्कामाला असलेली तुमची बहीण, म्हणजे माझी पत्नी, या तिन्ही आघाड्यांवर ठीक असेल अशी आशा आहे. पहिल्या दोन्हींबद्दल सवडीने कळवलंत तरी चालेल.

माझं म्हणाल तर उत्तम. डॉक्टरांनी घरात शांतता ठेवायला सांगितली होती, ती आता इतकी आहे की शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी झाली की बोलायला कुणीतरी आल्यासारखं वाटतं. 'रक्तदाब वाढलाय, ताण कमी करा, घरात शांतता ठेवा' एवढंच डॉक्टरांचं म्हणणं होतं. 'तलावावर जाऊन दोन तास होडी वल्हवा, डोकं हलकं होतं' ही भर तुमची. (तुम्ही स्वतः होडीत बसल्याचं तुमच्या बहिणीलाही आठवत नाही.) पण आमच्या आरेखन खात्यात साहेबांनी तोच नकाशा सातव्यांदा परत पाठवला होता, रेघ जाड आहे म्हणून, तेव्हा मी कशालाही तयार होतो.

वल्हवणाऱ्याने जायच्या दिशेला पाठ करून बसायचं असतं, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. बरोबर आलेली तुमची बहीण माझ्याकडे तोंड करून बसली. म्हणजे डोळे तिचे, हात माझे. (संसारात तरी वेगळं काय असतं, असं तुम्ही म्हणाल. संसारात निदान पाय जमिनीवर असतात.) निघालो, आणि ती म्हणाली, "अहो, आपल्या डाव्या हाताला घ्या."

आता हे 'आपल्या' प्रकरण तुम्ही भाऊ म्हणून जाणताच. "आपली आई येणार आहे" असं ती हसून म्हणाली की ती तुमची आई, आणि "आपल्या आईचा फोन आहे" असं कपाळाला आठी घालून म्हणाली की माझी. बावीस वर्षं मी चेहरा बघून अर्थ लावत आलो. पण डाव्या हाताला चेहरा नसतो. मी माझ्या डावीकडे घेतली, ती ओरडली, मी आणखी घेतली, आणि होडी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली. "आपल्या म्हणजे कुणाच्या?" मी विचारलं. "आपल्या म्हणजे आपल्या! शेजाऱ्यांच्या का?"

अकराव्या गिरकीत आम्ही एका मोठ्या नावेवर आदळलो. तीत ताणमुक्ती वर्गाचे बारा लोक डोळे मिटून श्वास सोडत होते. त्यांच्या बाईंनी नंतर जे सोडलं, तो श्वास नव्हता. तेवढ्यात स्वतःचा डावा हात नीट दाखवावा म्हणून तुमची बहीण उभी राहिली. होडीत उभं राहायचं नसतं, हे दोघांनाही पाण्यात गेल्यावर कळलं. "उभे राहा, कमरेएवढंच आहे!" असं होडीवाला काठावरून ओरडेपर्यंत मी मृत्युपत्राचा मसुदा अर्धा केला होता. बारा माणसं मात्र हसून हसून पूर्ण ताणमुक्त झाली.

काठावर तिने पदर पिळला आणि म्हणाली, "मी जाते आपल्या घरी." मला बरंच वाटलं. मी होडी परत करून घरी आलो, दोघांचा चहा टाकला आणि वाट बघत बसलो. तासाभराने तुमचा फोन आला, तेव्हा कुठलं घर ते समजलं. चहा दोन्ही कप मीच प्यायलो, आणि दादा, खरं सांगतो, गोड लागला नाही.

असो. सल्ल्याबद्दल तुम्हाला (इथे) कोपरापासून नमस्कार.

आपला (म्हणजे तुमचाच, यात तरी शंका नको)
नकाशेवाला मेहुणा

ता. क. तिला पाठवून द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. ती आपण होऊन निघालीच, तर रविवारी सकाळच्या बसमध्ये बसवून द्या. मी शनिवारपासून स्टँडवर आहे.

पुन्हा ता. क. तिचं डावं कुठलं, ते मला पहिल्याच गिरकीत कळलं होतं. नकाशे काढतो मी. पण ती बरोबर आहे असं तोंडाने म्हणण्यापेक्षा मी आणखी दहा वेळा गोल फिरलो. हे तिला सांगू नका. नाही, सांगाच. हा कागदच तिच्या हातात द्या, फक्त वरचं सगळं आधी फाडून टाका.