मिनलची तक्रार

सदर, नागपूर
११ डिसेंबर २०२४

प्रिय गोपिका,

अनेक आशीर्वाद. खाप्याला नदीकाठी थंडी जास्तच असेल, सकाळी उठून अंगण झाडत बसू नकोस. माझा गुडघा कुरकुरतो आहे, बाकी ठीक.

परवा फोनवर तू विचारलंस, "दादा, मिनल दिवाळीले घरी आली तं परत नागपूरले जायचं नावच नाही घेत. नाचही सोडला. काहून?" मी म्हटलं, अभ्यासाचा ताण असेल. ते खोटं होतं वं. फोनवर पुन्हा खोटंच बोललो असतो, म्हणून लिहितो आहे.

आमच्या नृत्यवर्ग चालक संघटनेनं बालसंरक्षण समिती काढली, मला अध्यक्ष केलं, तेव्हा तू पेढे पाठवले होतेस. माझी पात्रता काय? सगळ्यांशी चांगले संबंध! कुणाची विद्यार्थिनी कुणी पळवली, हॉल कुणाला मिळाला, असली भांडणं मी आयुष्यभर चहावर बोलावून मिटवली. समितीसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्याच दिवसांत माझा सत्कार होता. मी सत्काराला गेलो.

ऑक्टोबरमध्ये पहिली तक्रार आली. वहीच्या पानावर, तुझ्या नातीच्या अक्षरात. माझ्याच घरी राहून शिकणाऱ्या पोरीनं ती माझ्या हातात दिली नाही. संघटनेच्या कार्यालयात नेऊन दिली, पोच घेतली. केवढी शहाणी! सुशील सर तालमीनंतर एकटीला थांबवून घेतात, नको तसा हात लावतात, असं लिहिलं होतं.

सुशील माझा शिष्य, आता स्वतःचा वर्ग चालवणारा. मी आधी त्यालाच फोन केला. मग दोघांना चहाला बोलावलं, समोरासमोर बसवलं.

तो म्हणाला, "गुरुजी, लेकरू आहे, गैरसमज झाला तिचा."

मिनल म्हणाली, "आबा, मी खोटं नाही बोलून राहिली."

आणि मी म्हणालो, "बेटा, तुले तसं वाटलं असन. सरांची माफी माग, विषय संपला."

तिनं मागितली, गोपिका. चौदा वर्षांच्या पोरीनं त्याच्या पाया पडून माफी मागितली. मी फाइलवर 'समेट' लिहून सही केली. वरून तिला बजावलं, आजीले सांगू नको.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका मुलीची आई सरळ पोलिसांत गेली. सुशीलला अटक झाली. काल संघटनेचे सचिव रविंद्र घरी आले. "गुरुजी, आधी कोणाची तक्रार आलीच नव्हती, एवढंच सांगा. बाकी आम्ही पाहून घेतो." मी हो म्हणालो. तुझ्यापासून काय लपवू, मी हो म्हणालो. ते गेल्यावर कप उचलायला लागलो, तेव्हा आठवलं, त्या दिवशी मिनलनं चहाला हातही लावला नव्हता. तिथंच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.

आज सकाळी ठाण्यात गेलो. तिचं पत्र आणि माझा 'समेट', दोन्ही देऊन आलो. इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं, "अशी तक्रार आली की पोलिसांना कळवावंच लागतं, हे अध्यक्षांना माहीत नव्हतं?" नव्हतं. न कळवणं हाही गुन्हा आहे, त्या म्हणाल्या, तुमच्यावरही दाखल होईल. होऊ दे. दुसरी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्यासोबत जे झालं ते नोव्हेंबरातलं, मिनलच्या तक्रारीनंतरचं. ते माझ्यामुळे झालं.

मिनलचा जबाब घ्यायला महिला पोलीस साध्या कपड्यांत खाप्याला येतील. त्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. तू तिच्याजवळ बस. सांग तिला, ती खरं बोलली होती, पहिल्या शब्दापासून. आबा चुकला. पण मला माफ कर, असं मी तिला म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. मोठ्या माणसाला बरं वाटावं म्हणून तिला एकदा नको ते बोलावं लागलं, तेवढं पुरे झालं.

ज्याच्या भरवशावर तू पोर पाठवली होतीस, तो
मधुकर