रांजणाला तळ आहे

चैत्र वद्य ३, शके १८५८ (सन १९३६)

भाकरी आजही कचकचली. दोष कोणाचा — माझा! "शिकल्याली सून आनली, तिला दळाय येईना." आत्याबाईंचं हे रोजचं. सासू म्हणून ऐकून घेते. पण आज जात्याचा वरचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि दोन्ही दगड उजेडात नीट पाहिले.

खालच्यात पांढरे ठिपके, प्रत्येकाला हिरवट कड. तेच झिजून पिठात उतरतात. वरचा मात्र काळाकुळकुळीत, ठिपका औषधालाही नाही. एकाच जात्याचे दोन दगड दोन खाणींतले! आत्याबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "वरचा फुटला, म्हनून नवा आनला. तुला काय करायचंय?"

मला दळायचंय. म्हणून विचारलं.

चैत्र वद्य ५

या वहीत मी नवऱ्याचं नाव लिहिणार, तेही एकेरीत. कुंडलिक. घ्या, लिहिलं. आभाळ काही कोसळलं नाही.

मी त्याची दुसरी. घोडनवरी, सातवी पास, त्यात तोंडाळ — भोरात कोणी पत्करेना, म्हणून बिजवराला दिली आणि तोरण्याखालच्या या वाडीत येऊन पडले. पहिली चंद्रा. सात वर्षांमागं बांगडीवाल्याबरोबर पळून गेली म्हणतात. तिची मुलगी बनी तेव्हा तान्ही होती, आता मोठी झाली. वाडीतली पोरं तिला "पळपुटीची" म्हणतात.

दुपारी तिची वेणी घालत होते. मला म्हणाली, "तू कवा जानार?"

"कुठं गं?"

"आई गेली तसं."

कंगवा हातातच राहिला. म्हटलं, मी कुठंही जाणार नाही. तिला पटलं असं दिसलं नाही. का पटावं? सख्खी आई टाकून गेली, तिथं मी कोण!

चैत्र वद्य ११

आज बनीला तोरणा दाखवला. रोजच बघते, पण बघितला नव्हता. म्हटलं, मोज पायऱ्या. कडा, मग उतार, परत कडा, परत उतार. या पायऱ्या कशा झाल्या?

माझे आबा भाटघरच्या धरणाच्या खाणीवर मुकादम होते. तिथला एक साहेब दगड चाटूनसुद्धा बघायचा म्हणे. त्याच्याकडून आबा शिकले आणि आबांकडून मी. हा सगळा मुलूख म्हणजे थिजलेली आग. इथं ज्वालामुखीचा उंच डोंगर वगैरे काही नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून दगडाचा रस उतू गेला आणि पसरला. थिजला. मग पुष्कळ काळ शांत. त्यावर माती झाली, गवत आलं. मग परत रस! जुन्या मातीचा भाजून विटेसारखा तांबडा थर झाला. धिरड्यावर धिरडं घालावं तसे हे डोंगर रचले गेले. प्रत्येक थराचा दगड निराळा. कुठं एकजीव, कुठं बुडबुडे राहिले. त्या बुडबुड्यांत पुढं पाणी झिरपून पांढरे खडे धरले. आबा हातात दगड घेऊन सांगत, हा कोणत्या थरातला.

बनी म्हणाली, "मंग आपल्या जात्यात बुडबुडं हायती." हुशार आहे पोर!

आत्याबाई मागून ऐकत होत्या. "डोंगर देवीनं क्येला. त्यो कुनी रांधला न्हाई." मी म्हटलं, देवीनं केला असेल, पण कसा केला ते विचारायला काय हरकत आहे? त्यांनी भांडी आपटली.

चैत्र अमावास्या

विहिरीत पाणी कमी, गाळ जास्त. बायका पार खालच्या डोहापर्यंत जातात. आणि इथं हाकेच्या अंतरावर, कानंदी नदीच्या खडकात, देवीचा रांजण पाण्यानं भरलेला! पण त्यात घागर बुडवायची नाही. का? तर त्याला तळ नाही, देवी ओढून नेते.

कोण म्हणतं तळ नाही? खडकातल्या खोलगटात एखादा धोंडा अडकतो. पुराचं पाणी त्याला गरगरा फिरवतं. धोंडा खडक खातो, स्वतःही झिजतो, मग दुसरा येऊन पडतो. असं हजारो वर्षं चालतं आणि रांजण होतो. नदीचं जातंच ते. तळाशी गोल गोटे असणारच. पाणवठ्यावर सगळ्यांसमोर हे बोलले.

शेजारच्या साळूबाई हसल्या. "रतन, तुजं पुस्तक लई बोलतंय." पण हसणं वाईट नव्हतं.

वैशाख शुद्ध ३, आखिती

आज पितरांच्या नावानं करे, मातीचे लहान घडे, पाण्यानं भरले. मामंजींचा एक, आजेसासऱ्यांचा एक. बनीनं कोपऱ्यातला एक रिकामा करा उचलला. "ह्यो आईचा?"

आत्याबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "मेलेल्यांचा भरत्यात. पळालेल्यांचा न्हाई."

पोर रडली नाही. त्याचाच मला जास्त राग आला. रागाच्या भरात मी तिच्यासमोर चंद्रालाही बोलले — कशी आई ही, म्हटलं.

वैशाख शुद्ध ८

तळ आहे! विहिरीच्या दोराला वरवंटा बांधला आणि रांजणात सोडला. साळूबाई साक्षीला. दोर गेला, गेला, आणि थांबला. हलवला तर वरवंटा दगडावर ठक्कन वाजला. दोन पुरुष खोल असेल, फार तर थोडं जास्त. साळूबाईंनी स्वतः दोर हातात घेऊन बघितला आणि कानाला हात लावले. "आमी जलमभर भीत ऱ्हायलो की गं."

येता येता म्हणाल्या, "तुज्या घरची भाकर चंद्रा व्हती तवा जास्तच कचकचायची. दोनी दगड तसलंच व्हतं. ती गेली, त्याच पावसाळ्यात वरचा बदलला. तरी तुजी बरी म्हनायची." म्हणजे माझ्या दळण्याचं कौतुक झालं की काय हे!

घरी मात्र स्वागत वेगळंच. कुंडलिक कधी कशात पडत नाही. आज जेवता जेवता उठला. भाकरी ताटात तशीच. "रांजनाच्या वाटंला जाऊ नगंस." एवढंच बोलला. मी म्हटलं, पाणी आहे तिथं, बायका मैलभर चालतात. म्हणाला, "चालू द्यात."

का चालू द्यायचं? मी नाही चालणार.

वैशाख शुद्ध ९

गोठ्यात टांगलेला दोर नाहीसा झालाय. बरं. दोर काय, साळूबाईंकडंही आहे.

वैशाख वद्य २

विहीर आटली. पूर्ण. आज आम्ही बायका घागरी घेऊन रांजणावर गेलो. पहिली घागर मी बुडवली. देवीनं ओढलं नाही. दुसरी साळूबाईंनी. मग काय, रांगच लागली. वरचं हिरवं पाणी गुरांना, खालचं गाळून घरात.

आत्याबाई काठावर येऊन बसल्या. ओरडल्या, शिव्या दिल्या, शेवटी पाया पडायला लागल्या — सुनेच्या! "उपसू नगा. रतन, तुज्या पाया पडते." मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हातारीचा देव आपण मोडतो आहोत असं वाटलं. पण माघारी फिरले नाही. बनीच्या हातात भरलेला तांब्या होता आणि ती घटाघटा पाणी पीत होती.

वैशाख वद्य ७

पाणी गुडघ्यावर आलं. पुरुष कोणी उतरायला तयार नाही, सगळ्यांना एकदम कामं निघाली! गाळ काढला तर उरलेलं पाणी पावसापर्यंत पुरेल.

बनीला कबूल केलंय, नदीच्या जात्यातले गोल गोटे वर आणून दाखवीन. कुंडलिक सकाळपासून घरात नाही. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडून आहेत.

उद्या मी उतरणार.

वैशाख वद्य ८

उतरले. गोटे होते. आबा म्हणत तसेच, गुळगुळीत, पेरूएवढे, नारळाएवढे. हसूसुद्धा आलं.

त्यांच्यात एक चपटा दगड निघाला. कडा झिजून गोल झालेल्या, पण मधे भोक आहे आणि बाजूला खुंट्याचंही. पांढरे ठिपके. प्रत्येकाला हिरवी कड. फुटला म्हणत होते. अख्खा आहे.

दुसरं काही नव्हतं. असणार कसं? सात पावसाळे धोंडे फिरले. तिथं दगडाशिवाय काय टिकेल!

साळूबाईंनी दोरानं वर ओढून घेतला. तो दगड मी डोक्यावर घेऊन भर वाडीतून घरी आणला, जात्याचा नवा दगड काढला आणि हा ठेवला. बसला. आत्याबाईंनी बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. कुंडलिक दारात आला. दगडाकडं बघत राहिला. कुठून आणलास, एवढंसुद्धा विचारलं नाही.

चंद्रा त्या दगडासकट स्वतः तळाशी गेली की कोणी नेली, ते मला ठाऊक नाही. या दोघांना ठाऊक आहे. त्यांनी ते वेल्ह्याच्या फौजदाराला सांगावं. मी आणि साळूबाई उद्या तिकडं निघतो. जाताना बनीला घेऊन जाणार, इथं ठेवणार नाही.

तिला जवळ घेतलं. म्हटलं, बने, तुझी आई कुठं पळाली नव्हती. तिला मी वाईट बोलले, ते खोटं होतं.

तिनं कोपऱ्यातला करा घेतला आणि पाण्यानं भरला.