सोबत – १

प्रिय दादा,

पत्र तुझ्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवून जातेय. वर येणार होते, पण काउंटरवरच्या बाईने माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, सोबतवाल्यांनी कलाकाराबरोबरच वर जायचं असतं." म्हणजे भावाच्या खोलीत जायलाही मला भाऊ लागतो.

तुझं महोत्सवाचं कार्ड निळं. फोटो, नाव आणि खाली 'लेखक, दिग्दर्शक, अभिनेता'. माझं पांढरं, त्यावर नुसतं 'सोबत – १'. ते माझ्या गळ्यात घालताना तू म्हणालास, "अगं, एकपात्री नाटकाला फॉर्ममध्ये दोनच रकाने असतात. एवढं काय मनाला लावून घेतेस?" मी हसले. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "दादाने नेलं हो तुला, नाहीतर कोण नेतंय!"

मग तुझा तो समीक्षक मित्र टपकला. त्याला कुठे खोली मिळेना, म्हणून तुझ्या खोलीतली माझी एक्स्ट्रा गादी त्याला. तू मला दाराबाहेर घेऊन हळूच म्हणालास, "तू बघ ना कुठेतरी. तुला काय, कुठेही झोप लागते. सवय आहे तुला." मी बॅग भरली. पण सवय? हा शब्द तुला सुचला तरी कसा?

महोत्सवात इथले लॉजवाले गॅलऱ्यासुद्धा भाड्याने देतात. एकाने मला जिन्याखालची जागा दाखवली, वर म्हणतो कसा, "कलाकारांना असं जरा वेगळंच आवडतं." शेवटी नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका मावशींनी त्यांची पुढची खोली दिली. वर राजांचे झगे टांगलेले, खाली मी. सकाळी उठते तर गालाला टिकल्या चिकटलेल्या. मावशींनी विचारलं, "नाटकात तू काय करतेस गं?" मी म्हटलं, दादाबरोबर आलेय. बघ, माझ्याही तोंडातून तेच निघालं.

कलाकारांची बस मावशींच्या दारावरूनच जाते. हात केला तर ड्रायव्हर म्हणाला, "एकटी सोबत चालत नाही." म्हटलं, चालते की, बघा. आणि तरातरा थिएटरपर्यंत चालत गेले. तेव्हा वाटेत आठवलं, असं कार्ड माझ्याकडे आधीही होतं. बाबांच्या वॉर्डाचा पास. 'रुग्णासोबत – १'.

त्या कार्डात तुला काही रस नव्हता. शनिवारी यायचास, पलंगाला न टेकता उभ्याउभ्या मला विचारायचास, "काय म्हणतायत?" बाबा समोरच असायचे रे. ते काय म्हणतात ते खाली चटईवर बसून मी ऐकायचे. गुंगीत ते घड्याळाला साहेब म्हणायचे. सलाइनच्या बाटलीकडे बोट करून विचारायचे, "हे पाहुणे जाणार कधी?" त्याचंच मी नाटक लिहिलं. लोक तिथे हसतात, मग एकदम गप्प होतात. परवाच्या मुलाखतीत तू सांगितलंस, "वडिलांच्या उशाशी बसून लिहिलं." मी तुझ्या मागे पाण्याची बाटली घेऊन उभी होते. पाण्यासाठी तू हात मागे केलास. मान नाही वळवलीस.

आता मुद्द्याचं. शेवटचा प्रवेश तुझा कधीच पाठ झालेला नाही. कितीदा घोकून घेतला तुझ्याकडून, तरी दर प्रयोगाला मी विंगेतून सांगते आणि तू म्हणतोस. पाठ होणार तरी कसा? बाबा गेले त्या दुपारी तू तिथे नव्हतासच. आज विंगेत मी नसेन, हे तुला पडदा वर जायच्या आधी कळावं म्हणून हे पत्र. मी तिकीट काढलंय, तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची. अडलास की थांब, आणि हे कुणी लिहिलंय ते लोकांना सांग. तेवढं म्हणालास तर मी जागेवर उभी राहून पुढचं वाक्य देईन, मोठ्याने. नाही म्हणालास, तर बाबांचं शेवटचं वाक्य माझ्याजवळच राहील. तसंही ते त्यांनी मलाच सांगितलं होतं.

तुझीच,
कार्डावर जिचं नाव नाही ती

सोबत जोडलंय: कार्ड.