उलट्या पट्टीचा शर्ट

४ फेब्रुवारी

बाबा आजही बनियनवरच. शर्ट घालायचा तर बटणं मी लावायची, आणि ते त्यांना मरणाहून वाईट! अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला तेव्हापासून हेच चाललंय. साऱ्या गल्लीचे शर्ट शिवले या माणसाने.

दुपारी त्यांचे पत्त्यांतले सोबती आले होते. बाबा म्हणाले, "झोपलेत म्हणून सांग." डोळे टक्क उघडे! मी सांगितलं. ते बिचारे माघारी गेले. मला रडू आलं.

५ फेब्रुवारी

व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, आता डाव्या हाताशी दोस्ती करा." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. या घरात डावा हात म्हणजे मी. 'ए डावरे' — लहानपणापासून हीच हाक. पेन्सिल हिसकावून उजव्या हातात कोंबायचे. शाळेत लिहिलं मी तसं. या वहीत मात्र डाव्यानेच लिहिते. शाई फासली जाते, तळहाताची कड निळी होते. होऊ दे!

८ फेब्रुवारी

मी बटण लावायला गेले तर बाबांनी हात झटकला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मग स्वतःच लावायला लागले. पुरुषांच्या शर्टाला बटणं उजवीकडे, काजं डावीकडे — सगळी सोय उजव्या हाताची. त्यांचा डावा हात छातीवरून पलीकडे जाणार, बटण चिमटीत धरणार, ते निसटणार. पुन्हा तेच. कपाळावर घाम. शेवटी रागाने ओढून बटणच तोडलं.

मी खाटेखालून ते शोधून काढलं.

९ फेब्रुवारी

दादाचा फोन. "अगं, टी-शर्ट घाल त्यांना, विषय संपला!" बाबा आणि टी-शर्ट! बँकेत लागला तेव्हापासून याला सगळंच सोपं वाटतं.

सकाळपासून तो जुना शर्ट डोक्यातून जात नाही. सोळा वर्षांची असेन. पहिल्यांदा कापायला मिळालं, दादाच्याच मापाचं. अगदी जीव ओतून शिवला. पण माझ्या हाताला जे सरळ वाटलं तेच केलं — बटणं डावीकडे. बाबांनी भर दुकानात तो उलगडून धरला. "बायकांचा सदरा शिवलाय बघा आमच्या डावरीने!" गिऱ्हाइकं हसली. दादाही हसला. बाबांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली, ती कायमचीच. मग मी आयुष्यभर काजं, बटणं, पँटची उंची कमी करणं. अजूनही जिव्हारी लागतं ते.

आणि आज वाटतंय, तोच शर्ट आता बाबांना सोयीचा झाला असता.

११ फेब्रुवारी

त्यांची कात्री काढली. उजव्या हातासाठी घडवलेली. डाव्यात धरली की पाती फाकतात, कापड मध्ये दुमडतं, खडूची रेघ पात्याआड जाते. अंगठा सोलून निघाला. एक बाही वाया गेली. दुसरी जमली!

१३ फेब्रुवारी

शर्ट झाला. निळी बारीक रेघ, त्यांना आवडते तशी. बटणं डावीकडे, काजं जरा सैल.

त्यांच्या मांडीवर ठेवला. बटणांच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि लगेच ओळखलं. मला वाटलं होतं — काय वाटलं होतं कोण जाणे! "बायकांचा सदरा," म्हणाले आणि खाली टाकला. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या हाताला सोपा जावा म्हणून शिवला." भिंतीकडे तोंड.

शर्ट उचलला, झटकला, खुंटीला अडकवला. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. पोटभर रडले. या वयात!

१४ फेब्रुवारी

पत्त्यांतल्या सोबत्यांचा निरोप — उद्या रविवारी सकाळी येतो, झोपले असले तरी उठवतो म्हणावं. बाबांना सांगितलं.

१७ फेब्रुवारी

बाबा गेले. रविवारी सकाळीच.

मी चहा घेऊन गेले तर खाटेवर नव्हते. खुर्चीत बसले होते, दाराकडे तोंड करून. केस ओले करून बसवलेले. अंगात तो शर्ट. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. वरून एक काज चुकलं होतं, त्यामुळे कॉलर एका बाजूने वर आलेली. मला वाटलं, डुलकी लागली.

दुपारी दादा आला. रडता रडता कॉलर नीट करायला वाकला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "राहू दे. त्यांनी लावलंय."